न हरणारे मावळे : दिवाळीचा किल्ला आणि मेजावरची लढाई

दिवाळीत मुलांनी मातीचा किल्ला करावा, ही प्रथा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे रचना म्हणून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही. तिच्यावर लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या सुरात : विटा-दगडांवर टाकलेले पोते, त्यावर थापलेला चिखल, पेरलेले अळीव, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. हे सारे खरे आहे आणि हृद्यही आहे. पण हा किल्ला इतिहास सांगण्याची एक रीत आहे. लिहिता-वाचता येण्याच्या वयातच अनेक मराठी मुलांच्या हाती ती येते. एखाद्या ऐतिहासिक कादंबरीची चिकित्सा आपण ज्या गांभीर्याने करतो, त्या गांभीर्याने या किल्ल्याची चिकित्सा करायला हरकत नसावी.

ती करताना एक साधा प्रश्न पुढे येतो. या किल्ल्यावर सैन्य आहे, तोफा आहेत, पहारे आहेत. मग शत्रू कुठे आहे?

वेढा नसलेला किल्ला

माथ्यावर सिंहासनस्थ महाराज, बुरुजाबुरुजांवर मावळे, दरवाजाशी भालदार. खाली गवळण, भाजीवाली, भजनी मंडळ, शेतकरी. एका कोनाड्यात गुहा आणि गुहेत वाघ. ही मांडणी राज्याभिषेकानंतरच्या एखाद्या निवांत सकाळची आहे. लढाई होऊन गेलेली आहे आणि आपण जिंकलेले आहोत. फार तर पायथ्याशी प्रतापगडाचा प्रसंग असतो. पण तिथेही खान कोसळण्याच्या बेतातच मांडलेला असतो. वेढा घालून बसलेली फौज, सुरुंग, फितुरी, दाणागोटा संपत आल्याची काळजी, म्हणजे ज्यांच्यासाठी किल्ले बांधले गेले त्या गोष्टी, या मांडणीत येत नाहीत.

प्रमाणाचेही तसेच आहे. महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा उंच असते, वाघ घोड्यापेक्षा मोठा असतो, मावळा तटावरून डोकावला तर त्याची कंबर दिसते. याला कुणी बालिश चूक म्हणेल, पण तसे ते नाही. आपल्या जुन्या चित्रांतही राजा मोठा आणि चाकर लहान असे. आकार अंतरावरून ठरत नाही, मानावरून ठरतो. मुलाने केलेला किल्ला त्याच दृष्टीचा वारस आहे. तो दर्शनासाठी आहे. म्हणूनच त्याच्या स्पर्धा होतात तेव्हा परीक्षक येतात, पाहतात, गुण देतात आणि पुढच्या किल्ल्याकडे जातात. किल्ल्याशी खेळत कुणीच नाही. मांडून झाले की खेळ संपतो.

जिथे मांडणीनंतर खेळ सुरू होतो

रंगवलेले छोटे शिपाई मेजावर मांडून लढाई खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत रुजला. त्याचे मूळ मात्र खेळण्यात नाही, लष्करी शिक्षणात आहे. प्रशियात राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजासाठी युद्धखेळाचे एक मेज तयार केले. त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याला नियमांची शिस्त लावली. नकाशा, पलटणींच्या जागी ठोकळे, गोळीबाराचे फळ ठरवायला फासे, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. या पंचाची योजना हीच खरी प्रतिभा. सेनापतींनी लेखी हुकूम त्याच्याकडे द्यायचे. टेकडीपलीकडचे जेवढे खरोखर दिसले असते, तेवढेच त्याने त्यांना दाखवायचे. शत्रू कुठे आहे हे ठाऊक नसताना निर्णय घेण्याची ती तालीम होती. प्रशियाच्या सेनाप्रमुखाने हा खेळ पाहिला आणि हे युद्धाचे शिक्षणच आहे असे म्हणून त्याची सैन्यभर शिफारस केली.

खेळ दिवाणखान्यात आणला तो एच. जी. वेल्सने. १९१३ मध्ये त्याने ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात शिशाचे शिपाई मांडून स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या उडवत लढायचे नियम आहेत. शेवटी त्याने असा मुद्दा मांडला की ही छोटी लढाई तीन-चारदा खेळून पाहिली तरी खरे महायुद्ध किती बेअक्कलपणाचे असेल ते कळेल. पुढच्याच वर्षी ते महायुद्ध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद पुन्हा वाढला. डोनाल्ड फेदरस्टोनचे ‘वॉर गेम्स’ १९६२ मध्ये निघाले. लंडनचा ‘सॅल्यूट’ हा मेळावा १९७२ पासून आणि अमेरिकेतला ‘हिस्टॉरिकॉन’ १९८४ पासून सुरू झाला.

अशा मेळाव्याची जात आपल्या जत्रेची असते. मोठ्या दालनात शेकडो मेजे, प्रत्येक मेज एक रणक्षेत्र. लोक हिंडत येतात, आवडले तिथे बसतात. मेज मांडणाऱ्याला इथे पंच व्हावे लागते, आणि ते काम मांडणीपेक्षा अवघड आहे. समोर बसलेले सहा जण एकमेकांना अनोळखी, त्यांतल्या निम्म्यांना नियम माहीत नाहीत, आणि हाती वेळ तीन-चार तासांचा. म्हणून नियम एका कागदावर बसले पाहिजेत. प्रत्येकाला पहिल्या अर्ध्या तासात करण्यासारखे काही मिळाले पाहिजे. ज्याची कुमक चौथ्या फेरीत येणार तो तोपर्यंत चहाला गेलेला असतो. प्रत्येक सेनापतीला त्याच्यापुरती गुप्त चिठ्ठी द्यावी लागते : तुला काय माहीत आहे, तुला काय हवे आहे. सर्वांत कठीण पथ्य असे की लढाई इतिहासापेक्षा वेगळी वळली तर पंचाने तिला ओढून पुन्हा रुळावर आणायचे नाही. ज्याला शेवट आधीच ठाऊक आहे आणि तो प्रिय आहे, त्याने पंच होऊ नये.

शिपाई रंगवायचे कशासाठी? नियमांपुरते पुठ्ठ्याचे तुकडेही चालतील. उत्तर खेळणाऱ्यांच्या हातात दिसते. जेमतेम इंचभर उंचीच्या माणसाचे पागोटे, पट्टा, डोळ्यांची पांढरी कड ज्याने बारीक कुंचल्याने रंगवली, त्याला फासा उलटा पडल्यावर तो शिपाई मेजावरून उचलताना क्षणभर थांबावे लागते. पुठ्ठ्याचा तुकडा उचलला की हिशेब होतो. रंगवलेला शिपाई उचलला की माणूस गेला असे वाटते. प्रमाणाची लबाडी इथेही आहेच. एक शिपाई वीस-पंचवीस जणांच्या जागी उभा असतो, चार घरे म्हणजे गाव असते. पण सेनापती आणि शिपाई एकाच उंचीचे असतात आणि दोघेही पडू शकतात.

कोकणातला शत्रू

आपल्याकडे शत्रूच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. देशावरून घाट उतरून सिंधुदुर्गात आले की दिवाळीचा चेहरा बदलतो. गोव्याप्रमाणे इथेही अनेक गावांत नरकासुर उभा राहतो. अक्राळविक्राळ दात, कागदाचे पोट, हातात शस्त्र. पोरे रात्र जागवून त्याला घडवतात आणि पहाटे जाळतात. घरोघरी तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याने फोडले जाते, त्याचा कडूपणा जिभेला लावला जातो आणि मग पोहे. देशावरचे मूल दिवाळीत राजा घडवते, इथले मूल शत्रू घडवते. हा फरक मोलाचा आहे, कारण शत्रू घडवताना त्याच्या ताकदीचा विचार करावा लागतो. तरीही नरकासुर कधी वाचला आहे का? त्याचे मरण घडवण्याआधीच ठरलेले असते.

देवगड तालुक्यातले कुणकेश्वर, ज्याला कोकणची काशी म्हणतात, ते याच पट्ट्यात आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, गावोगावचे देव तरंग-पालखीसह समुद्रस्नानाला येतात, आणि वाळूच्या कडेने खेळण्यांची दुकाने लागतात. याच परिसराची आणखी एक लढाई म्हणजे दशावतार. गावदेवीच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या नाटकात पेटी, मृदंग आणि झांजेच्या तालावर युद्धे होतात. दशावतारी नटांकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. राक्षस कधीकधी वादात देवालाही निरुत्तर करतो, प्रेक्षक त्याला दादही देतात. पण पहाट झाली की राक्षस पडतोच.

म्हणजे लढाई मांडण्याच्या तीन रीती समोर येतात. किल्ल्यात सारेच थांबलेले असते. दशावतारात शब्द मोकळे असतात आणि शेवट बांधलेला. मेजावरच्या लढाईत नियम बांधलेले असतात आणि शेवट मोकळा. पहिल्या दोन रीती आपल्या आहेत, समृद्ध आहेत. तिसरी आपण इतिहासाला कधी लावली नाही. तिने काय साधले असते ते पाहायला कुणकेश्वरपासून फार लांब जावे लागत नाही. किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की देवगड, आणि त्याच्याही पुढे वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग.

विजयदुर्ग मेजावर मांडला तर

इंग्रज ज्याला शेजारच्या गिर्ये गावावरून घेरिया म्हणत, तो हा किल्ला. १७१७ आणि १७२० मध्ये इंग्रजांनी, १७२४ मध्ये डचांनी त्याच्यावर हल्ले केले आणि हात हलवत परत गेले. ही कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द. दिवाळीच्या किल्ल्याला हा विजयदुर्ग सहज मानवेल.

१७५६ चा विजयदुर्ग मानवणार नाही. तोवर कान्होजींच्या मुलांत फूट पडली होती. विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे होते आणि नानासाहेब पेशव्यांशी त्यांचे उघड वैर होते. १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध तह केला आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज मुंबईहून विजयदुर्गाकडे निघाली. निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीच्या वाटण्या आपापसांत ठरवून टाकल्या होत्या. त्यांत मराठ्यांचा हिस्सा नव्हता. जमिनीवर पेशव्यांचे सैन्य आधीच येऊन बसले होते. तुळाजी किल्ला आप्तांच्या हवाली करून त्यांच्याशी बोलणी करायला छावणीत गेले. १२ फेब्रुवारीला तोफांचा मारा सुरू झाला. एक गोळा बंदरातल्या जहाजावर पडला, आग लागली, एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. क्लाइव्हने सैन्य उतरवले ते किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये, म्हणजे किल्ला मित्राच्या हाती जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांनी घेतला. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळाला तो ऑक्टोबरमध्ये, बाणकोट देऊन. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले. वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालकडे गेले. १७५७ मध्ये प्लासी झाली.

ही घटना किल्ल्यावर कशी मांडणार? तटाच्या आत मावळे आहेत आणि तटाबाहेरही मावळे आहेत. कुंभारवाड्यातून आणलेल्या मूर्तींत तर त्यांच्यात भेदही दिसणार नाही. सिंहासनावर कुणाला बसवायचे? मांडणी इथे मुकी होते, कारण तिला एकच केंद्र हवे असते.

पंच मात्र या प्रसंगावर खूश होईल. चार खेळाडू, चार चिठ्ठ्या. किल्ल्यातल्या आंग्र्यांच्या माणसाची चिठ्ठी : किल्ला राखा, सोडावाच लागला तर कुणाच्या हाती सोडायचा ते तुम्ही ठरवा. पेशव्यांच्या सरदाराची : इंग्रजांच्या तोफा वापरा, पण निशाण तुमचे चढले पाहिजे. वॉटसनची : जहाजे जपून आरमार बुडवा. क्लाइव्हची : मित्राच्या आधी आत शिरा. तासाभरात पेशव्यांच्या बाजूने बसलेल्या खेळाडूच्या ध्यानात येईल की आपला खरा प्रतिस्पर्धी किल्ल्यात नसून आपल्याच गोटात आहे. पण फौज किनाऱ्यावर, जहाजे दुसऱ्याची, आणि आग लागल्यावर बोलण्यांना किंमत उरलेली नाही. हे कळणे आणि पाठ्यपुस्तकात ‘पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली ही चूक होती’ असे वाचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाक्य आपल्याला न्यायाधीशाच्या जागी बसवते, मेज सरदाराच्या जागी. तिथून पाहिले की हेही दिसते की नानासाहेबांना तुळाजींची भीती खरीच होती, आणि तह त्या दिवशी शहाणपणाचा वाटला असेल.

फासा, दैव आणि एक गोळी

बंदरातल्या जहाजावर पडलेला तो गोळा दहा वेळा खेळले तर किती वेळा पडेल? हा प्रश्न पोरकट वाटतो, पण मराठी मन पानिपताबाबत तोच प्रश्न अडीचशे वर्षे विचारत आले आहे. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर? राजवाड्यांनी १८९८ मध्ये आपल्या साधनखंडमालेच्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत पानिपतच्या अपयशाची चिकित्सा केली. शेजवलकरांनी या लढाईचा सखोल अभ्यास केला. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ मध्ये आली आणि घराघरांत गेली. या सर्वांत आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ जाते ती जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. मराठी साहित्याने इतिहासावर टाकलेला हा दुर्मीळ फासा आहे, आणि तो एका वैज्ञानिकाने टाकला हे लक्षणीय आहे.

बखरकारांपाशी याच जागी दुसरा शब्द होता : दैव. दैव आणि फासा यांतला फरक नीट पाहायला हवा. दैव झाल्यावर कळते आणि ते एकदाच होते. फासा टाकण्याआधी त्याच्या सहाही बाजू दिसतात. चांगल्या युद्धखेळात फासा सारे ठरवत नाही. तोफा कुठे लावल्या, पाणी कुठे होते, हुकूम वेळेवर पोहोचला का, यांवरून किती पडले तर जिंकणार ते आधी ठरते आणि मगच फासा पडतो. त्यामुळे हरलेल्याला दैवाला दोष देऊन सुटता येत नाही, आणि जिंकलेल्यालाही सारे श्रेय स्वतःकडे घेता येत नाही. द्यूतपर्वाने आपल्याला फाशाची जी धास्ती दिली, ती पणाला लावण्याची आहे. मोजण्यासाठी फासा हाती घेणे वेगळे.

याविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. मावळा हे खेळणे असेल, पण महाराजांची मूर्ती ही मूर्तीच आहे. दिवाळी संपली की ती कुणी टाकून देत नाही, पुसून फळीवर ठेवते. ती फाशावर कशी लावायची? या आक्षेपाचे उत्तर सावंतवाडीत आहे. तिथल्या चितारआळीची लाकडी फळे आणि भातुकली जशी प्रसिद्ध, तसाच तिथला गंजिफा. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत एक राजा आणि एक प्रधान. दिवसा डाव सुरू झाला तर राम असणाऱ्याने आधी खेळायचे, रात्री कृष्ण असणाऱ्याने. हाताने रंगवलेले हे देव डावात पडतात, जिंकले जातात, हरवले जातात. ज्या लोकांनी विष्णूच्या दहा अवतारांशी पत्ते खेळले आणि त्यांच्या भक्तीला बाध आला नाही, त्यांना खेळ आणि पूजा एका घरात नांदू शकतात हे शिकवायला नको.

दुसरी अडचण बाहेरच्या मेजांची आहे. तिथे मराठे आहेत. २३ सप्टेंबर १८०३ ची आसईची लढाई हा त्या छंदातला आवडता प्रसंग आहे, आणि मराठा घोडदळ-पायदळाचे शिपाई परदेशातले कारखाने ओतून विकतात. केळणेच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, हा वेलस्लीचा तर्क तिथे वाखाणला जातो. शिंदे-भोसल्यांच्या गोटात त्या दिवशी कोण काय विचार करत होते, याला त्या मानाने कमी जागा मिळते. १९७९ च्या ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ या वसाहतकालीन लढायांच्या गाजलेल्या नियमावलीत कोणती तुकडी आधी हलणार हे पत्ते उलटून ठरते. लाल पत्ता इंग्रजांचा, काळा पत्ता ‘नेटिव्हां’चा. खेळ उत्तम आहे. पण नियम लिहिणारा कुठे उभा राहून पाहत होता ते त्या दोन रंगांत दिसते. नियम ही निरुपद्रवी गोष्ट नाही. कुणाला शिस्त द्यायची, कुणाला संख्या, कुणाचा धीर कितव्या फटक्याला सुटेल असे धरायचे, हे सारे लेखन आहे आणि त्यात लेखकाची मते उतरतात. आपण आपल्या लढायांचे नियम लिहिले नाहीत, तर ते इतरांनी लिहिलेले असतील एवढेच.

वेल्सचा धडा उरतो. त्याला छोट्या लढाईने मोठी टळेल असे वाटले, ते खोटे ठरले. युद्धखेळ माणसाला शांततावादी करतो असा दावा करण्यात अर्थ नाही. तो फक्त एवढेच करतो की हरलेल्या बाजूला बसायला लावतो आणि ती बाजू तेवढ्यापुरती आपली होते. ज्या समाजात इतिहासावरून रोज माथी भडकतात, तिथे ही गोष्ट लहान नाही. जो मुलगा एका संध्याकाळी तुळाजींच्या किल्ल्यात बसला आणि दुसऱ्या संध्याकाळी तोच किल्ला बाहेरून घ्यायला निघाला, त्याला ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द वापरताना थोडे अडखळायला होईल.

दिवाळीचा किल्ला मोडावा, असे यातून निघत नाही. त्याचे सौंदर्य त्याच्या निवांतपणात आहे. सणाच्या चार दिवसांत वेढ्याशिवायचा किल्ला पाहावासा वाटणे स्वाभाविकच आहे. अपेक्षा इतकीच की भाऊबीज झाल्यावर तो पावसाने विरघळण्याची वाट पाहत अंगणात पडून राहतो, त्या आठवड्यात कुणी दोन फासे आणावेत, मावळ्यांच्या निम्म्या पागोट्यांना दुसरा रंग द्यावा, एका शहाण्या मावशीला किंवा मामाला पंच करावे आणि तटाबाहेर कुणाला तरी उभे करावे. मावळे हरू शकतात हे ज्याने एकदा पाहिले, त्यालाच ते जिंकले तेव्हा त्यांनी काय केले असेल ते कळू लागते.